अंधाऱ्या टोकाचे गीत

टेनेसी राज्यातील मेम्फिस हे नगर मिसिसिपी नदीच्या उंच काठावर वसलेले आहे. दक्षिणेकडच्या मळ्यांतून आलेला कापूस येथे पिढ्यान्‌पिढ्या विकला गेला, आणि कापसाच्या गाठींमागोमाग तो वेचणारी माणसे व त्यांची गाणीही या नगरात येऊन स्थिरावली. भारतीय वाचकाला मेम्फिसचे नाव ठाऊक असते ते बहुधा एका हत्येमुळे. ४ एप्रिल १९६८ रोजी तेथील लॉरेन मोटेल या विश्रामगृहाच्या सज्जात मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर गोळी झाडण्यात आली. १९५९ च्या मार्च महिन्यात भारताचा निरोप घेताना ज्यांचे शब्द आकाशवाणीवरून प्रसारित झाले होते, तेच किंग नगरपालिकेच्या सफाई कामगारांच्या संपाला पाठबळ देण्यासाठी मेम्फिसला आले होते.

त्या विश्रामगृहाला आणखीही एक इतिहास आहे, तो फारसा सांगितला जात नाही. विल्सन पिकेट हा कृष्णवर्णीय गायक आणि स्टीव्ह क्रॉपर हा गौरवर्णीय वादक यांनी १९६५ साली ‘इन द मिडनाइट अवर’ हे गाजलेले गीत याच लॉरेन मोटेलच्या एका खोलीत रचले. दोन वर्णांच्या दोन माणसांनी एका खोलीत बसून एक गीत रचावे यात आज कोणाला नवल वाटणार नाही. परंतु वर्णभेद बेकायदा ठरविणारा नागरी हक्कांचा कायदा १९६४ च्या जुलैमध्ये संमत झाला, तरी रूढी कायद्याच्या मागोमाग धावत नसते. मेम्फिसमध्ये अशा बैठकीला जागा शोधावी लागे, आणि ती जागा सहसा ध्वनिमुद्रणाची खोली किंवा असे एखादे विश्रामगृह असे. नगराच्या उजेडात जे शक्य नव्हते ते नगराच्या कानाकोपऱ्यांत घडत होते. अशाच एका कोपऱ्यात १९६६ साली ‘द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट’ हे गीत जन्मले. रस्त्याचे अंधारे टोक, असा त्याच्या नावाचा अर्थ.

ज्या गायनपद्धतीत हे गीत बसते तिला अमेरिकेत ‘सोल’ म्हणतात. सोल म्हणजे आत्मा. नाव भारदस्त असले तरी तिची उत्पत्ती सांगण्यासारखी साधी आहे. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ईश्वराला आळविण्याची जी रीत होती, तीच रीत ऐहिक प्रेमाच्या गाण्याला लावण्यात आली. स्वर ताणणे, मध्येच कंठ फुटू देणे, एका गायकाने हाक द्यावी आणि इतरांनी ओ द्यावी, हे सारे चर्चमधले. भजनाच्या चालीवर कोणी लावणी म्हटली असती तर वारकऱ्यांना जे वाटले असते, तेच तेथील अनेक भाविकांना वाटले. रे चार्ल्स या अंध गायकाने १९५४ मध्ये एका भक्तिगीताच्या चालीवर ‘आय गॉट अ वूमन’ हे प्रेमगीत गायिले, तेव्हा त्याला निंदा सोसावी लागली. परंतु दहा वर्षांच्या आत ही रीत सर्वमान्य झाली आणि मेम्फिस हे तिचे एक प्रमुख पीठ ठरले.

जेम्स कार यांचा जन्म १९४२ साली मिसिसिपी राज्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. कुटुंब मेम्फिसला आले, आणि मुलगा चर्चमध्ये व भक्तिगीते गाणाऱ्या संचांतून गाऊ लागला. त्याच्या गुणाची पारख प्रथम झाली ती रूझवेल्ट जेमिसन यांना. रक्तपेढीत काम करणारे हे कृष्णवर्णीय गृहस्थ स्वतः गीतेही रचीत. ‘दॅट्स हाउ स्ट्राँग माय लव्ह इज’ हे त्यांचेच गीत, जे पुढे ओटिस रेडिंग यांनी सर्वतोमुखी केले. जेमिसन यांनी कार आणि ओ. व्ही. राइट या आपल्या दोघा गायकांना घेऊन क्विंटन क्लाँच यांचे दार ठोठावले. रात्र बरीच झाली होती असे सांगतात. क्लाँच हे गौरवर्णीय, लोखंडी सामानाचे फिरते विक्रेते. संगीत हा त्यांचा फावल्या वेळचा व्यवसाय. १९६४ मध्ये त्यांनी एका औषधविक्रेत्याच्या भागीदारीत ‘गोल्डवॅक्स’ नावाची लहानशी ध्वनिमुद्रिका कंपनी काढली होती. रक्तपेढीतला एक मनुष्य, लोखंडविक्या एक आणि औषधविक्या एक, या त्रयीने अमेरिकेतील एका थोर आवाजाला जगापुढे आणावे, हा योग मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयात जुळून आला नसता.

गीत रचणारे दोघेही गौरवर्णीय होते. डॅन पेन अलाबामा राज्यातील एका खेड्यातून आलेला, वय अवघे चोवीस. चिप्स मोमन जॉर्जियाचा, पेनहून थोडा वडील, गिटारवादक. स्टॅक्स या मेम्फिसमधील प्रख्यात कंपनीच्या पायाभरणीत मोमनचा हात होता. परंतु पैशाच्या वादातून तो बाहेर पडला आणि ‘अमेरिकन’ नावाचे स्वतःचे ध्वनिमुद्रणगृह चालवू लागला. या दोघांची एक महत्त्वाकांक्षा होती. चोरट्या प्रेमावरचे आजवरचे सर्वोत्कृष्ट गीत आपण लिहावे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. नभोवाणी-निवेदकांच्या एका संमेलनाच्या वेळी दोघे पत्ते खेळत बसले होते. डाव अर्ध्यावर टाकून ते उठले व क्लाँच यांच्या खोलीत गेले. खोली देतो, पण गीत तयार झाले तर ते माझ्या जेम्स कारला मिळाले पाहिजे, अशी अट क्लाँच यांनी घातली. सुमारे अर्ध्या तासात गीत तयार झाले, आणि दोघांनी दिलेला शब्द पाळला. पत्त्यांचा तो डावही फारसा सरळपणे चालला नव्हता, अशी कबुली पेनने पुढे दिली. फसवणुकीवरच्या गीताला हा प्रारंभ शोभून दिसतो.

मोमनच्या ध्वनिमुद्रणगृहातील यंत्रसामग्री त्या सुमारास बिघडलेली असल्यामुळे ध्वनिमुद्रण ‘रॉयल’ या दुसऱ्या जागी झाले. रॉयल हे मूळचे चित्रपटगृह. प्रेक्षकांच्या आसनांसाठी केलेला जमिनीचा उतार तसाच ठेवून तेथे ध्वनिमुद्रणगृह थाटण्यात आले होते.

ध्वनिमुद्रिका सुमारे अडीच मिनिटांची आहे. सोल संगीताच्या ऐन बहरातली असूनही तीत त्या काळी लोकप्रिय असलेला जोश नाही. टाळ्या नाहीत, नाचायला लावणारा ठेका नाही. लय विलंबित, साथ मोजकी. आणि कार यांचा स्वर! तो खर्जाकडे झुकलेला, भरदार आहे, पण गीताच्या आरंभी त्याने स्वतःला आवरून धरले आहे. शेजारच्या खोलीतील कोणी जागे होऊ नये अशा बेताने माणूस बोलतो, तसे काहीसे. ज्याला ओरडता येत नाही त्याच्या कुजबुजीत आणि ज्याला ओरडता येत असूनही जो कुजबुजतो त्याच्या कुजबुजीत फार अंतर असते. कार दुसऱ्या प्रकारचा गायक होता. पुढे स्वर चढतो, पाठीमागून साथीदारांचे आवाज येऊन मिळतात, आता बांध फुटणार असे वाटते, आणि तो फुटत नाही. चर्चमधील गायनात शेवटी मुक्तीचा हर्ष असतो. त्या हर्षापर्यंत नेणारी सर्व वाट येथे आहे, पण हर्ष मात्र नाही. गीत संपते तेव्हा प्रेमिक जेथे होते तेथेच, त्याच अंधारात उभे असतात.

विषय तसा जगाइतका जुना आहे. दोन प्रेमिक, दोघेही दुसऱ्या कोणाशी बांधलेले, रात्री गुपचूप भेटतात. आपल्या साहित्यशास्त्राने परकीया नायिकेला स्वतंत्र स्थान दिले, आणि लावणीने तिला भरजरी शालू नेसवून रंगमंचावर उभे केले. तेव्हा चोरट्या प्रेमाचे गीत हे मराठी रसिकाला अपूर्व वाटण्याचे कारण नाही. परंतु परकीयेच्या आपल्याकडील वर्णनात एक खेळकरपणा असतो. संकेतस्थळी जाताना नूपुरांचा आवाज होऊ नये याची तिला चिंता असते, आपण पापी आहोत याची सहसा नसते. या गीतातील माणसे तशी नाहीत. आपण चुकतो आहोत हे ती जाणतात, एक दिवस हे उघडकीस येणार आणि हिशेब द्यावा लागणार हेही जाणतात. चर्चमध्ये वाढलेल्या माणसाचे हे पाप आहे. पश्चात्ताप आहे, पण परत फिरणे नाही. पेन आणि मोमन यांनी रचनेत एकही अनावश्यक शब्द घातला नाही हे खरे. तथापि पापाची ही भीती खरी वाटते ती धर्मोपदेशकाच्या मुलाने ती गायिली म्हणून.

या गीतावर आणखी एक अर्थ लादला जातो. ते भिन्न वर्णांच्या स्त्रीपुरुषांचे आहे, असे काही जण मानतात. गीतात तसा एकही शब्द नाही, आणि रचणाऱ्यांच्या मनात विवाहबाह्य प्रेमाखेरीज काही होते असे मानण्याचे कारणही दिसत नाही. परंतु श्रोते आपल्या काळाचे कान घेऊन ऐकतात. हे गीत ध्वनिमुद्रित झाले तेव्हा अमेरिकेतील १७ राज्यांत गौरवर्णीय व कृष्णवर्णीय यांचा विवाह हा गुन्हा होता, आणि त्यांत टेनेसी, मिसिसिपी व अलाबामा ही तिन्ही राज्ये होती. सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द केले ते १२ जून १९६७ रोजी, म्हणजे ध्वनिमुद्रिका बाजारात आल्यानंतर काही महिन्यांनी. उजेडात भेटलो तर ओळखही दाखवू नये असे बजावणारे दोन जीव त्या भूमीत काय काय असू शकत होते, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नव्हते. रचणाऱ्यांना जे अभिप्रेत नव्हते तेही एखादे गीत प्रामाणिकपणे बोलून जाते, एवढेच येथे म्हणता येईल. याहून अधिक म्हणणे म्हणजे भाष्यकाराने मूळ ग्रंथावर चढून बसणे होय.

१९६७ च्या प्रारंभी हे गीत ‘बिलबोर्ड’ या व्यापारी नियतकालिकाच्या कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी असलेल्या यादीत १० व्या क्रमांकापर्यंत चढले. सर्वसाधारण यादीत ते ७७ व्या क्रमांकापुढे गेले नाही. याच प्रदेशातून आलेले पर्सी स्लेज यांचे ‘व्हेन अ मॅन लव्हज अ वूमन’ १९६६ मध्ये दोन्ही याद्यांत अग्रस्थानी विराजमान झाले होते, हे लक्षात घेतले म्हणजे फरक ध्यानी येतो. गोल्डवॅक्स ही लहान कंपनी होती. तिचा माल दुसऱ्यांच्या हातून देशभर जाई. त्याहून मोठी अडचण खुद्द गायकाची होती. कार यांना मनोविकार जडला होता. ते अबोल होत, तासन्‌तास एका जागी बसून राहत, दौरे त्यांना झेपत नसत. लोकप्रिय गायकाला जी अखंड मिरवणूक चालवावी लागते, ती चालविणे त्यांना शक्यच नव्हते.

गीत मात्र चालत राहिले, पण इतरांच्या कंठातून. पर्सी स्लेज यांनी ते त्याच वर्षी गायिले. डॉली पार्टन आणि पोर्टर वॅगनर या ग्रामीण ढंगाच्या गौरवर्णीय गायकांनी १९६८ मध्ये त्याचे युगुलगीत केले. आणि जे कृष्णवर्णीयांचे म्हणून यादीत नोंदले गेले होते ते गौरवर्णीय शेतकऱ्यांच्या गाण्यांत इतके सहज मिसळून गेले की, ते मूळचे तेथलेच वाटावे. तसे पाहिले तर दोन्ही वर्णांची गरीब माणसे एकाच नदीकाठी, एकाच बायबलच्या धाकात वाढली होती. वेगळ्या होत्या त्या याद्या. अरीथा फ्रँकलिन यांचे गायन १९७० मधले. त्यांच्या सामर्थ्याविषयी शंका घेणे मूर्खपणाचे ठरेल. पण नेमके ते सामर्थ्यच या गीताच्या आड येते. एवढा तेजस्वी आवाज ज्या रस्त्यावर निघेल तेथे अंधार राहील कसा? रे कूडर यांनी १९७२ मध्ये ते शब्दांवाचून केवळ वाद्यावर वाजविले. १९९१ च्या ‘द कमिटमेंट्स’ या चित्रपटात डब्लिनमधील तरुणांनी ते पुन्हा गायिले, आणि नव्या पिढीतील कित्येकांनी ते प्रथम ऐकले ते त्या रूपात. एवढ्या सगळ्यांतून कोणाचे गायन सर्वोत्तम, असा प्रश्न डॅन पेनला विचारला जाई, तेव्हा कारखेरीज दुसऱ्या कोणाचे नाव निघतेच कसे, याचे त्याला आश्चर्य वाटे.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे. कलेच्या इतिहासात ती टाळण्याची प्रथा आहे म्हणून तर विशेषच. अमेरिकेच्या कायद्यानुसार नभोवाणी केंद्राने ध्वनिमुद्रिका वाजविली की रचनाकाराला व प्रकाशकाला मानधन पोहोचते. गाणाऱ्याला काही मिळत नाही. १९९५ च्या कायद्याने अंकीय प्रसारणापुरता गायकाचा हक्क मान्य केला, सामान्य नभोवाणीपुरता मात्र नाही. दुसरा गायक तेच गीत गाईल तर त्याचाही वाटा रचनाकाराकडे जातो. म्हणजे ‘द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट’ जसजसे नव्या नव्या गळ्यांत रुळत गेले, तसतसे पेन आणि मोमन यांना त्यांच्या श्रमाचे फळ मिळत गेले, आणि ते योग्यही होते. पण ज्याच्या स्वराने त्या गीताला प्राण दिला त्याच्यासाठी त्या हिशेबाच्या वहीत रकानाच नव्हता. पेशवाईच्या उत्तरकाळात होनाजी रची आणि बाळा गाई. लोकांनी दोघांची नावे जोडून ‘होनाजी बाळा’ असे एकच नाव केले, इतके की ती दोन माणसे होती हेही अनेकांना ठाऊक नसते. लोकव्यवहाराला जे सहज सुचले ते कायद्याला सुचलेले नाही.

१९६९ साली गोल्डवॅक्स बंद पडली. त्याआधीच्या अखेरच्या काही बैठकांत कार ध्वनिक्षेपकासमोर दीर्घकाळ निश्चल बसून राहत आणि गाण्याचा क्षण निघून जाई. १९७१ मध्ये एका मोठ्या कंपनीने त्यांची एक ध्वनिमुद्रिका काढली. ती कोणाच्या लक्षात आली नाही. मेम्फिसही पालटत होते. किंग यांच्या हत्येनंतर दोन वर्णांच्या कलावंतांतला जुना विश्वास पूर्ववत राहिला नाही. १९६९ च्या आरंभी एल्व्हिस प्रेस्ली यांची गाणी ध्वनिमुद्रित करून कीर्तीच्या शिखरावर गेलेला मोमन १९७२ मध्ये नगर सोडून गेला.

१९७९ मध्ये जपानचा एक दौरा ठरला. सोल संगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आस्थेने जमविणारे रसिक जपानात होते, आणि मायदेशी विस्मृतीत गेलेला हा गायक त्यांना पूज्य होता. टोकियोच्या रंगमंचावर कार आले आणि उभे राहिले. औषधाची मात्रा अधिक झाली होती. ते गाण्याच्या स्थितीत नव्हते. श्रोत्यांसमोर नुसते स्तब्ध राहिले. ज्यांनी अडीच मिनिटांच्या तबकडीवर दहा-बारा वर्षे प्रेम केले होते, त्यांना समोर पाहायला मिळाले ते मौन. नंतरची कित्येक वर्षे कार मेम्फिसमध्येच नातेवाइकांच्या आधाराने राहिले.

१९८६ मध्ये पीटर गुरालनिक यांचा ‘स्वीट सोल म्यूझिक’ हा इतिहासग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात कार यांच्यावर विस्ताराने लिहिले गेले आणि शोधकांचे लक्ष पुन्हा त्यांच्याकडे वळले. जुन्या तबकड्या इंग्लंडमध्ये व अन्यत्र पुनर्मुद्रित झाल्या. क्लाँच यांनी आपली कंपनी पुन्हा उभी केली आणि १९९१ मध्ये कार यांचा नवा गीतसंच काढला. आवाज थकलेला होता, पण ओळखू येत होता. ७ जानेवारी २००१ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगाने मेम्फिसमधील एका शुश्रूषागृहात त्यांचे निधन झाले.

मोमनचे ध्वनिमुद्रणगृह केव्हाच पाडले गेले. रॉयल मात्र उभे आहे, आणि तेथे आजही ध्वनिमुद्रण होते. १९७० नंतर अल ग्रीन यांची गाजलेली गीते तेथेच ध्वनिमुद्रित झाली, त्यामुळे दूरदूरचे रसिक ती जागा पाहण्यास जातात आणि ग्रीन ज्याच्यासमोर गायिले तो ध्वनिक्षेपक दाखवा म्हणतात. चित्रपटगृहाच्या काळातला जमिनीचा उतार तसाच आहे.